कैद्याच्या ताटापासून दारिद्र्यरेषेपर्यंत

1876 साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर एक लांबलचक निबंध वाचला. त्यात मुंबई इलाख्याचे दोन आकडे शेजारी शेजारी मांडलेले होते. इलाख्यात वर्षभरात जे काही पिकते आणि तयार होते, ते सगळ्यांत सारखे वाटले तर माणशी सुमारे 22 रुपये वाट्याला येत होते. त्याच इलाख्याच्या तुरुंगांत एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला सुमारे 47 रुपये खर्च करीत होते. दोन्ही आकडे सरकारी कागदपत्रांच्या आधारानेच काढलेले होते.

दादाभाई मुळात गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी नेमलेले ते पहिले हिंदी प्राध्यापक होते. देश सुखात आहे की दुःखात, हे ठरवायला त्यांनी कुणाच्या वर्णनावर भरवसा ठेवला नाही. प्रत्येक प्रांतातले मुख्य पीक घेतले, त्याखालचे क्षेत्र पाहिले, एकरी उतारा आणि बाजारभाव लावला. मग मीठ, कोळसा, कारागिरीचा माल वगैरे त्यात मिळवले. 1867 ते 1870 या काळासाठी बेरीज आली सुमारे 34 कोटी पौंड. ब्रिटिश अमलाखालची लोकसंख्या 17 कोटी. म्हणजे माणशी दोन पौंड, त्या वेळचे 20 रुपये. या देशाचे दरडोई उत्पन्न पहिल्यांदा मोजले गेले ते असे.

हे करताना त्यांना सरकारी अहवालांत एक ढोबळ चूक सापडली. प्रांताची सरासरी काढताना अधिकारी सगळ्या जिल्ह्यांचे उतारे किंवा भाव एकाखाली एक लिहीत, बेरीज करीत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. समजा, एका जिल्ह्यात गव्हाखाली लाख एकर जमीन आहे आणि दुसऱ्यात हजार एकर. या हिशेबात दोघांचे वजन सारखेच. थोड्याशा सुपीक जमिनीचा भरघोस उतारा साऱ्या प्रांताला श्रीमंत करून टाकत असे. दादाभाईंनी ही पद्धत पानोपानी खोडून काढली. आज शाळेत शिकवली जाणारी भारित सरासरी तेव्हा राज्यकर्त्यांना समजावून सांगावी लागत होती.

पण 20 रुपये थोडे की पुष्कळ? त्यासाठी माणसाला किती लागते हे ठरवायला हवे होते. दादाभाईंनी इथेही सरकारचेच माप घेतले. परमुलखात मजुरीला जाणाऱ्या कुलींना जहाजावर द्यायच्या शिध्याचे प्रमाण सरकारी डॉक्टरांनी बांधून दिलेले होते. किती तांदूळ, किती डाळ, किती तेल, किती मीठ. प्रवासात स्वस्थ बसून राहणाऱ्या माणसाचा जीव तगेल एवढाच तो शिधा. त्याची बाजारभावाने किंमत लावली, अंगावरच्या कपड्याची भर घातली, आणि निव्वळ जगायला माणशी वर्षाला सुमारे 34 रुपये लागतात असा हिशेब पुढे आला. हातात 20, गरज 34.

या जागी दादाभाई क्षणभर थांबतात आणि या 34 रुपयांत काय धरलेले नाही ते सांगतात. चैनीची बारीकसारीक वस्तू त्यात नाही. सामाजिक आणि धार्मिक गरजा नाहीत. आनंदाच्या आणि दुःखाच्या प्रसंगांचा खर्च नाही. दुष्काळासाठी गाठीला काही बांधून ठेवण्याची सोय नाही. लग्न, बारसे, मर्तिक, सण हे सारे हिशेबाबाहेर ठेवूनही गणित तुटीचे येत होते, आणि हेच त्यांना दाखवायचे होते. पुढच्या दीडशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी या देशाच्या सुखदुःखाचे माप काढले, त्या प्रत्येकाची मापाबाहेर राहिलेल्या या गोष्टींशी कधी ना कधी गाठ पडली.

निबंधाचे मूळ टिपण दादाभाईंनी 1873 मध्ये लंडनला पार्लमेंटच्या समितीला सादर केले होते. समितीने ते घेतले, पण अहवालाबरोबर छापले नाही. सरकारची स्वतःची उत्तरे नंतर आली. 1882 मध्ये बेअरिंग आणि बार्बर यांनी माणशी 27 रुपये काढले. 1901 मध्ये लॉर्ड कर्झनने आकडा 30 वर गेल्याचे सांगितले. त्याच वर्षी दादाभाईंचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आकड्यांचे भांडण आता जाहीर झाले होते.

या भांडणाला पुण्याकडून रसद मिळत होती. 1870 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने 1876-77 च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून हकिकती मागवल्या आणि त्या सरकारकडे धाडल्या. पुढे न्यायमूर्ती रानड्यांच्या लेखणीने सभेच्या त्रैमासिकात जमीन, कर्ज, व्यापार यांचे हिशेब मांडले. सरकारी शाळांत हेडमास्तरकी केलेले गणेश व्यंकटेश जोशी हे या मंडळींतले आकडेतज्ज्ञ. 1897 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले, तेव्हा त्या साक्षीच्या तयारीमागे जोशींची मेहनत होती. जोशींचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, याचे वाईट वाटते.

एवढे सगळे झाले तरी आकडे वरून खाली येत होते: प्रांत, जिल्हा, सरासरी. घरात शिरून कुणी मोजले नव्हते. ते काम पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी केले. पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव त्यांनी निवडले आणि 1917 मध्ये पाहणीचे पुस्तक प्रसिद्ध केले. आज या गावाच्या नावाने पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती आणि संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांची घरे डोळ्यांपुढे येतात. मॅनना तिथे दिसले ते 156 खातेदार आणि त्यांच्या जमिनीचे 718 तुकडे. त्यांतले 463 तुकडे एकराच्या आत, आणि 112 तर पाव एकराहूनही लहान. जुन्या दप्तरांतून त्यांनी मागचा माग काढला: 1771 मध्ये सरासरी खाते 40 एकरांचे होते, 1818 मध्ये साडेसतरा एकरांचे, आणि 1915 च्या सुमारास सात एकरांचे.

मग मॅन यांनी 103 कुटुंबांचा जमाखर्च लिहून काढला. फक्त शेतीवर स्वतःच्या गरजा भागवू शकतील अशी कुटुंबे 8. शेतीला मजुरीची जोड दिल्यावर भागते अशी 28. उरलेली 67 कुटुंबे दोन्ही मिळूनही तुटीत. आणि हे गाव नशीबवान म्हणावे असे, कारण खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ होता आणि तिथे रोजगार मिळत होता. नंतर नारायण कानिटकरांना सोबत घेऊन मॅननी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची पाहणी केली. ते गाव कोरडवाहू, जवळ कारखाना नाही. 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकातले चित्र पिंपळे सौदागरपेक्षाही बिकट होते.

मॅन यांची खरी कामगिरी त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आहे. कुटुंबाचे उत्पन्न किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच कुटुंबाच्या स्वतःच्या राहणीला किती लागते, देणे किती आहे, व्याज किती जाते, हे त्यांनी उत्पन्नाच्या आकड्यासमोर ठेवले. सुख मोजायचे तर त्या माणसाच्या मापाने मोजले पाहिजे, हा आग्रह त्यात आहे.

त्याच सुमाराला मुंबईत गिरणी कामगारांच्या चाळींत तशीच मोजणी चालली होती. 1921 मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढले. जी. फिंडले शिरास हे त्याचे संचालक. कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करून त्यांनी 1923 मध्ये अहवाल दिला. घरभाडे, धान्य, सरपण, दारू, सावकाराचे व्याज, गावी पाठवलेले पैसे अशी नोंद झाली. धान्याच्या बाबतीत निष्कर्ष असा निघाला की मुंबईचा कामगार दुष्काळी कामांवरच्या मजुरासाठी सरकारी नियमांत ठरवलेले कमाल धान्य खातो, पण मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीत कैद्यासाठी जेवढे ठरवले आहे त्याहून कमी. दादाभाईंच्या निबंधाला जवळजवळ अर्धशतक झाले होते, आणि या वेळी हे वाक्य सरकारच्याच कचेरीतून बाहेर पडले.

1930 मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. संस्थेने वाई तालुक्यातली शेती मोजली, सोलापूर मोजले, 1936-37 मध्ये पुणे शहर पेठापेठांतून मोजले. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली तेव्हा महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासोबत तिसरे सभासद गाडगीळ होते. समितीच्या अंतिम अहवालाने 1948-49 चे दरडोई उत्पन्न 246.9 रुपये ठरवले.

दरम्यान 1944 मध्ये टाटा, बिर्ला प्रभृती उद्योगपतींनी मुंबई योजना प्रसिद्ध केली होती. माणशी रोज 2800 कॅलरी, वर्षाला 30 वार कापड, राहायला 100 चौरस फूट जागा, आणि हे सारे युद्धपूर्व भावाने वर्षाला 74 रुपयांत. किमान गरजेची व्याख्या आता स्वप्नाच्या भाषेत होत होती.

स्वप्नाचे धोरण करण्याचा पहिला सरकारी प्रयत्न 1962 चा. नियोजनाशी संबंधित मोठी माणसे एका अभ्यासगटात बसली. गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते, मिनू मसानींपासून अशोक मेहतांपर्यंत निरनिराळ्या मतांचे लोक होते. 1960-61 च्या भावाने माणशी महिना 20 रुपये हे राष्ट्रीय किमान धरावे, असे त्यांनी सुचवले. शिक्षण आणि आरोग्य त्यातून वगळले, कारण ते सरकार पुरवील असे गृहीत धरले. या गृहीताने पुढे फार नुकसान केले. सरकार ते पुरवू शकले नाही, तरी गरिबाच्या गरजांच्या यादीतून डॉक्टर आणि शाळा बराच काळ गायब राहिले.

पुढच्याच वर्षी राममनोहर लोहियांनी लोकसभा हलवून सोडली. देशातली 27 कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सांगितले. पंतप्रधान नेहरूंचे म्हणणे पडले पंधरा आणे. सरासरी आणि तळाचा माणूस यांच्यातले अंतर त्या वादाने घराघरांत पोचवले. सभागृहात गरिबीच्या मापावर इतकी तळमळीची चर्चा त्यानंतर क्वचितच झाली असेल.

आणि मग दांडेकर आणि रथ. विनायक महादेव दांडेकर साताऱ्याचे, गाडगिळांच्या संस्थेत घडलेले संख्याशास्त्रज्ञ. सहकारी नीलकंठ रथ ओडिशाचे. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने केलेला त्यांचा अभ्यास जानेवारी 1971 मध्ये मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या लागोपाठच्या दोन अंकांत छापून आला. राष्ट्रीय नमुना पाहणीतले घरखर्चाचे तक्ते घेऊन त्यांनी विचारले: खर्चाच्या कोणत्या पायरीवर लोकांना प्रत्यक्षात 2250 कॅलरी मिळतात? 1960-61 च्या भावाने खेड्यात महिना माणशी साधारण 15 रुपये आणि शहरात साडेबावीस, असे उत्तर आले. या रेषेखाली ग्रामीण भागात सुमारे 40 टक्के आणि शहरांत सुमारे 50 टक्के लोक होते.

या पद्धतीची खुबी नीट पाहण्यासारखी आहे. दादाभाईंनी शिधा आणि कपड्याची किंमत लावली होती. दांडेकर-रथांनी 2250 कॅलरी मिळवणारे कुटुंब एकूण किती खर्च करते ते घेतले. म्हणजे त्या 15 रुपयांत तेलमीठ होते, धोतर-लुगडे होते, सरपण होते, पानतंबाखू होता, आणि सणवाराला जे काही जुळवता येत असेल तेही होते. आनंदाचा आणि दुःखाचा खर्च अशा रीतीने मागच्या दाराने हिशेबात आला. किती असावा हे कुणी ठरवले नाही. गरीब माणूस उपाशी न राहता जेवढा करू शकत होता तेवढा तो धरला गेला.

लेखकद्वय मोजून थांबले नाही. शेतजमिनीच्या फेरवाटपाने सगळ्यांचे भागणार नाही, कारण वाटण्याइतकी जमीनच नाही, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले. खेड्यांत सार्वजनिक कामे काढून मागेल त्याला मजुरी द्यावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच दिशेचा विचार महाराष्ट्रात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तासगाव तालुक्यात करून पाहत होते. 1972 चा दुष्काळ आला आणि मे 1973 मध्ये राज्यात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या त्या बायाबापड्यांनी रोजगार हमी योजनेला जन्म दिला म्हटले तरी चालेल. विधिमंडळाने कायदा केला आणि 1979 पासून तो अमलात आला. देशभरच्या रोजगार हमीचा कायदा व्हायला 2005 साल उजाडावे लागले.

पुण्यातच दांडेकरांना तोलामोलाचा विरोधक भेटला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, तेही सातारा जिल्ह्यातले, बुध गावचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी वीस वर्षे संख्याशास्त्र विभाग सांभाळला आणि निवृत्तीनंतर पुण्याला येऊन संशोधन चालू ठेवले. त्यांचा मुद्दा मूलगामी होता. धडधाकट माणसाचा आहारसुद्धा दर आठवड्याला कमीजास्त होतो आणि शरीर काही मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेला रेषा मानले तर ठणठणीत माणसेही उपाशी ठरतात. रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. दांडेकरांना हे पटले नाही. गरीब कमी खातो तो त्याचे शरीर जुळवून घेते म्हणून नव्हे, त्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून, असा त्यांचा प्रतिवाद होता. ऐंशीच्या दशकात हा वाद वीकलीच्या पानांवर चालला, आणि रेषा किती खाली ओढायची यावर कोट्यवधी माणसे गरिबांत मोजली जाणार की नाही हे अवलंबून होते.

रेषेच्या जागेबद्दल दांडेकरांची बाजू अधिक माणुसकीची वाटते. पण सुखात्मे आणखी एक गोष्ट सतत सांगत होते, आणि तिच्याकडे त्या गदारोळात कमी लक्ष गेले. दूषित पाण्याने आतड्याचे आजार जडलेल्या मुलाच्या पोटात अन्न गेले तरी अंगी लागत नाही. त्याला आधी स्वच्छ पाणी आणि संडास हवा.

पैसा आणि कॅलरी यांपलीकडचे माप देशाबाहेरही शोधले जात होते. 1979 मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी उत्पन्न पूर्ण बाजूला ठेवून देशांच्या जीवनमानाचा निर्देशांक मांडला: बालमृत्यू, एक वर्षाच्या मुलाचे पुढचे अपेक्षित आयुष्य, आणि साक्षरता. या मॉरिस यांचे त्याआधीचे गाजलेले पुस्तक मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांवर होते. 1990 मध्ये महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांतून संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आला, आणि त्यात उत्पन्न इतर परिमाणांच्या जोडीला पुन्हा आले.

दांडेकरांनी स्वतः दुसरेही एक माप महाराष्ट्राला दिले. 1984 मध्ये त्यांच्या समितीने रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे ते काढले आणि ती तूट भरून काढायला 3186 कोटी 78 लाख रुपये लागतील असे सांगितले. विदर्भ आणि मराठवाड्याच्या राजकारणात अनुशेषाचा हा हिशेब आजही निघतो.

दारिद्र्यरेषा मात्र हळूहळू सरकारच्या हातातले हत्यार झाली होती. दादाभाईंनी जो हिशेब राज्यकर्त्यांवर आरोप म्हणून मांडला, तोच आता रेशनकार्ड कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही हे ठरवत होता. 2009 मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीचा खुंटा सोडला, शिक्षण आणि औषधपाण्याचा खर्च हिशेबात घेतला, आणि त्यामुळे 2004-05 मधल्या गरिबांचे प्रमाण 27.5 टक्क्यांवरून 37.2 टक्क्यांवर गेले. रेषा वर सरकवणारी ही समिती होती. तरी 2011 च्या सप्टेंबरात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दारिद्र्यरेषा माणशी शहरात रोज 32 आणि खेड्यात 26 रुपये असल्याचे प्रतिज्ञापत्र दिले, आणि लोकांचा संताप उसळला तो तेंडुलकरांच्या नावावर. ते त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात निवर्तले होते. संताप योग्य होता, पण तो रेषेवर असण्यापेक्षा ती ज्यासाठी वापरली जात होती त्यावर असायला हवा होता. जगण्याची सर्वांत खालची पायरी म्हणून आखलेली रेषा मदतीची कमाल मर्यादा म्हणून वापरली, की ती गरिबाच्या विरोधात जाते.

2014 मध्ये रंगराजन समितीने आणखी वरची रेषा सुचवली. ती स्वीकारली गेली नाही, आणि तेंडुलकरांनंतर कोणतीही नवी रेषा सरकारने आजवर अधिकृत केलेली नाही. तिची जागा नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाने घेतली. त्याची बारा परिमाणे आहेत. पोषण, बालमृत्यू, शालेय शिक्षण, स्वयंपाकाचे इंधन, वीज यांबरोबर पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह त्यात आहेत. सुखात्म्यांचा आग्रह इथे उशिरा मान्य झाला. कुटुंबात कुणाचे बँकेत खाते आहे का, हेही विचारले जाते. वर्षात किती दिवस काम मिळाले, मजुरी किती पडली, देणे किती आहे, हे मात्र त्यात नाही. 2021 च्या पहिल्या अहवालात महाराष्ट्रात सर्वांत मागे नंदुरबार होता, तिथली निम्म्याहून अधिक माणसे या मापाने गरीब ठरली. सातपुड्याच्या त्याच डोंगराळ भागातून दर हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ती तिथेच राबतात, आणि बारा परिमाणांपैकी एकही या उचलीची नोंद घेत नाही.